लसणाची बरणी आणि सासूबाईंची गोळी

मैत्रिणींनो, लोणारहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. एरवी पत्रांची उत्तरं मी महिनाअखेरीला एकत्र देते, पण हे पत्र मागे ठेवण्यासारखं नाही. शिवाय ते वाचताना मला वाटलं, अशी एक बरणी तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या फडताळात असणार.

पत्र लिहिणाऱ्या बाईंच्या सासूबाई चौसष्ट वर्षांच्या. चार वर्षांपासून रक्तदाब आहे. रोज एक गोळी, त्यावर वरचा आकडा १३० ते १३५ च्या आत राहायचा. दिवाळीला नणंद पुण्याहून आली ती मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या लसणाची बरणी घेऊन. ‘आई, हा रोज अनशापोटी खा, रक्तवाहिन्यांची सूज उतरते,’ असं सांगून गेली. सासूबाईंनी लसूण मनापासून घेतला. चार-चार पाकळ्या रोज. आणि महिनाभरात गोळी पेटीत गेली. कारण काय, तर त्या गोळीनं म्हणे पाय सुजायचे. आता गोळी नाही आणि पायही सुजत नाहीत. ‘लसणानं सूज उतरली,’ असं त्या आल्यागेल्याला सांगतात. सूनबाई विचारतात, यात खरं किती? हा लसूण घरी करता येतो का? आणि मी बोलायला गेले की वाद होतो, तर बोलू कसं?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो घाईचा आहे. बाई, हा अंक हातात पडेल त्याच दिवशी सासूबाईंना दवाखान्यात नेऊन रक्तदाब मोजून घ्या. गोळी बंद आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लपवू नका, की सासूबाईंना त्यांच्यापुढे ओशाळं करू नका. बुडलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम देण्याचा शहाणपणा तर मुळीच नको. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, म्हणून ‘बरं वाटतंय’ या शब्दाला इथे किंमत नाही. आकडा १७० वर गेला तरी बाई पोळ्या लाटत असते. आणि एक दिवस लाटणं हातातून गळतं, तोंड वाकडं होतं, तेव्हा घराला कळतं.

आता ते पायांचं. तुम्ही गोळीचं नाव लिहून पाठवलंत हे फार चांगलं केलंत. अ‍ॅमलोडिपिन. ही गोळी रक्तदाबावर चांगली आहे, स्वस्त आहे, पण काही जणांचे, त्यातही बायकांचे, घोटे तिच्यामुळे सुजतात. गोळी थांबवली की काही दिवसांत ही सूज ओसरते. म्हणजे झालं काय? गोळी थांबली म्हणून पाय उतरले, आणि श्रेय मिळालं लसणाला! सासूबाई खोटं बोलत नाहीत, त्यांना दिसलं ते खरंच दिसलं. फक्त कारण दुसरं होतं. घोटे सुजतात एवढं डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी मात्रा कमी केली असती किंवा दुसरी गोळी दिली असती. तशा गोळ्या पुष्कळ आहेत. (पायांची सूज हृदयाची किंवा मूत्रपिंडाची तक्रारही असू शकते, म्हणूनही ती डॉक्टरांच्या कानावर घालायची असते.)

आणि नणंदबाई म्हणाल्या ती ‘रक्तवाहिन्यांची सूज’ ही पायांवरची सूज नव्हेच. शब्द एक, गोष्टी दोन. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला एक अगदी पातळ अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू किंचित किंचित तयार करत असतं, त्यानं वाहिनीची भिंत सैल राहते, रक्त सुरळीत वाहतं. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला, रक्तात साखर वाढली, तंबाखू-मिश्री चालू असली की हे अस्तर दुखावतं. मग वाईट कोलेस्टेरॉल अस्तराखाली शिरतं, त्याला हटवायला पांढऱ्या पेशी धावतात, त्याही तिथेच अडकतात, आणि आत मंद धुमसत राहतं. चुलीत राखेखाली निखारा असतो ना, तसं. वरून काही दिसत नाही. डॉक्टर याला दाह म्हणतात आणि रक्तातलं सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन मोजून त्याचा अंदाज घेतात.

या धुमसण्यावर लसूण काही करतो का? करतो, असं म्हणायला आधार आहे, पण बेताचा.

लसणाची कीर्ती आपल्याकडे जुनी. वाग्भटानं ‘अष्टांगहृदया’त लसणाला रसायन म्हटलंय आणि त्याच्या जन्माची कथाही दिलीय: अमृत चोरून पिणाऱ्या राहूचा गळा कापला, तेव्हा जे थेंब जमिनीवर पडले त्यांचा लसूण झाला. गुण अमृताचा आणि अंगाला वास दैत्याचा! म्हणून एकीकडे औषध, दुसरीकडे चातुर्मासात वर्ज्य. कांदेनवमीला पोटभर खाऊन घ्यायचा आणि मग चार महिने नाव काढायचं नाही. संस्कृतात त्याला रसोन म्हणतात, म्हणजे एका रसानं उणा. सहा रसांपैकी पाच त्यात आहेत, आंबट तेवढा नाही. मला यात मोठी गंमत वाटते. आंबवलेला लसूण म्हणजे त्याचा तो उणा रस आपण बरणीत भरून काढतो.

नव्या काळात आपल्याच देशात यावर काम झालं. १९७३ साली उदयपूरचे डॉक्टर बोर्डिया आणि बन्सल यांनी लसणाच्या तेलाविषयीचा लेख ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आणला. पुढे १९७९ मध्ये पुण्याचे डॉक्टर सैनानी आणि त्यांचे सहकारी यांनी एक फार कल्पक पाहणी केली. जैन समाजातली अशी माणसं त्यांनी निवडली, की ज्यांचं बाकीचं खाणं साधारण सारखं. फरक एवढाच, की काही घरांत कांदा-लसूण भरपूर, काहींत थोडा, आणि काहींत जन्मात कधी नाही. भरपूर म्हणजे आठवड्याला पन्नास ग्रॅमच्या वर लसूण आणि सहाशे ग्रॅमच्या वर कांदा. भरपूर खाणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल सरासरी १५९ भरलं, थोडं खाणाऱ्यांचं १७२ आणि अजिबात न खाणाऱ्यांचं २०८. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेनही न खाणाऱ्यांत जास्त निघालं. आहे ना डोळे मोठे करायला लावणारी गोष्ट? पण थांबा. या पाहणीत कुणाला लसूण ‘देऊन’ पाहिलेलं नव्हतं. जी माणसं कांदा-लसूण खात नाहीत ती आणखीही काही वेगळं करत असतील, तूप जास्त खात असतील, बसून जास्त राहत असतील. पाहणीतून संशय येतो, पुरावा मिळत नाही.

पुरावा शोधायला अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १९२ माणसांना सहा महिने लसूण दिला. काहींना कच्चा, काहींना भुकटीच्या गोळ्या, काहींना मुरवलेल्या अर्काच्या, आणि काहींना नुसत्या लुटूपुटूच्या. २००७ साली निकाल छापला: वाईट कोलेस्टेरॉल कशानंच हललं नाही. मैत्रिणींनो, हाही निकाल तुम्हाला सांगायलाच हवा, कारण बाटलीवरच्या कागदावर तो कधीच नसतो.

रक्तदाबाचं चित्र मात्र जरा बरं आहे. ऑस्ट्रेलियात कॅरिन रीड या बाईंनी मुरवलेल्या लसणाच्या अर्कावर बरीच वर्षं काम केलं. २०१६ मध्ये छापलेल्या त्यांच्या एका प्रयोगात रक्तदाब आटोक्यात नसलेली ८८ माणसं होती. बारा आठवड्यांत अर्क घेणाऱ्यांचा वरचा आकडा लुटूपुटूची गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरी पाचनं उतरला. सगळ्यांचा नाही, काहींचा चांगला उतरला, काहींचा जागचा हललाही नाही. वेगवेगळे लहान प्रयोग एकत्र मांडून पाहिले तेव्हा सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनही थोडं उतरलेलं दिसतं. म्हणजे नणंदबाईंचं बोलणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. पण पाच म्हणजे पाच. ज्यांचा आकडा गोळीविना १६५ आहे, त्यांना तो १६० वर आणून काय मिळणार?

हे घडतं कसं तेही बघा, कारण त्यावरून स्वयंपाकघरात काय करायचं ते कळतं. अख्ख्या पाकळीला वास नसतो. ती ठेचली की आत वेगवेगळ्या कप्प्यांत असलेले दोन पदार्थ एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. तोच तो झोंबणारा वास. त्यापासून पुढे गंधकाचे बरेच पदार्थ होतात, आणि आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यातून हायड्रोजन सल्फाईड हा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात सोडतात. तो वाहिनीची भिंत सैल करतो. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात हे २००७ साली दाखवलं गेलं. म्हणून जवसाच्या चटणीला किंवा ठेच्याला लसूण ठेचलात की दहा मिनिटं तसाच राहू द्या. ठेचल्या ठेचल्या कडकडीत तेलात टाकलात तर हे काम अर्ध्यावर मोडतं. फोडणीचा लसूण चवीला उत्तम, औषधाला बेताचा.

लसूण महिनोन्‌महिने मुरवला की झोंबणारे पदार्थ निवतात आणि एस-अ‍ॅलिल सिस्टीन नावाचा मवाळ पदार्थ वाढतो. पोटाला तो सोसतो, तोंडाला वास येत नाही. रीडबाईंचा अर्क तो हाच. आणि इथे बाजारात फार गोंधळ आहे. तो अर्क मद्यार्काच्या पाण्यात वर्ष-दीड वर्ष मुरवतात. ते आंबवणं नव्हेच. दुकानात काळ्या पाकळ्यांचा महागडा ‘काळा लसूण’ मिळतो, त्यालाही लोक आंबवलेला म्हणतात. पण तो दमट उष्णतेत आठवडे-महिने ठेवून काळा करतात, पोळीवर डाग पडतो त्याच जातीची ती क्रिया. कुणी सांगेल, भाताच्या विजेच्या कुकरमध्ये तीन आठवडे ठेवा. विजेचं बिल आणि भारनियमन दोन्ही आठवून मी म्हणेन, ठेवू नका. बुलढाण्याच्या उन्हात गच्चीवर ठेवून तर तो मुळीच होत नाही, नुसता सडतो. खरा आंबवलेला म्हणजे नणंदेनं आणलेला, मिठाच्या पाण्यातला. आणि गंमत अशी, की माणसांवरचे बहुतेक प्रयोग झाले ते अर्कावर, या बरणीवर नव्हेत. बरणीतला लसूण तसाच वागेल असा अंदाज बांधता येतो, हमी देता येत नाही.

तरी करायचाच असेल, आणि चवीला तो खरंच झकास लागतो, तर असा करा. पाव किलो गावरान लसूण घ्या. फाल्गुन-चैत्रात नवा लसूण येतो तेव्हाचा रसदार असतो. पाकळ्या कोमट पाण्यात अर्धा तास टाकल्या की सालं भराभर निघतात. मोठ्या पाकळ्यांना एक काप द्या. अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात २० ग्रॅम मीठ विरघळवा. चहाचे चार चमचे, सपाट, शिगेचे नकोत. काचेच्या स्वच्छ बरणीत लसूण घालून वर हे पाणी ओता. पाकळ्या पाण्याखालीच राहिल्या पाहिजेत, म्हणून वर एक छोटी काचेची वाटी दाबून ठेवा. झाकण सैल असू द्या, कारण आतून वायू सुटतो. पाण्याच्या माठाशेजारी, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात बरणी ठेवा. वैशाखात हा उद्योग करू नका, लसूण गिळगिळीत होतो. तीन-चार दिवसांत बुडबुडे दिसतील, पाणी गढूळ होईल. तीन-चार आठवड्यांत आंबट चव येते. मग झाकण घट्ट करून फ्रीजमध्ये.

पाकळ्या निळ्या-हिरव्या झाल्या तर घाबरू नका. आंबटाशी लसणाचा संबंध आला की तो कधी कधी असा रंग धरतो, विषारी नसतो. वर पांढरी पातळ साय आली तर काढून टाका. पण केसाळ, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर सगळी बरणी फेकायची. ‘वरचं काढून खालचं वापरू’ हे इथे चालणार नाही.

बरणीत नेमकं काय होतं, हे लोणारच्या बायकांना मी काय सांगावं! २०२० च्या जूनमध्ये तुमचं सरोवर गुलाबी झालेलं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. पाणी आटलं, खारटपणा वाढला, आणि खारात सुखानं राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची तिथे चलती झाली. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून ते सांगितलं. मीठ किती, यावर कोण जगणार ते ठरतं. बरणीतही तेच. मीठ नासवणाऱ्या जंतूंना आवरतं आणि दही लावणाऱ्या जंतूंच्या चुलतभावंडांना मोकळं रान देतं. ती आंबट आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणावर लसूण टिकतो.

म्हणूनच एक गोष्ट अगदी बजावून सांगते. बरणीत चिमूटभरसुद्धा पापडखार किंवा खायचा सोडा टाकायचा नाही. हरभरे मऊ व्हायला आपण सोडा घालतो, तशी सवयीनं चिमूट जाते. आंबटाला खारानं मारलं, की बरणी धोक्याची. लसूण मातीत वाढतो, आणि मातीत बॉट्युलिझमचे बीजाणू असतात. हवा नाही आणि आंबटपणा नाही अशी जागा त्यांना मिळाली की ते जगातलं एक अतिजहाल विष तयार करतात, आणि त्याला ना वास ना चव. १९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहात बाटलीतला, तेलात ठेवलेला लसूण बाहेर राहिला आणि छत्तीस माणसांना ही बाधा झाली. तेव्हा सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून फळीवर ठेवू नका. आपलं लिंबाच्या रसातलं लसणाचं लोणचं यात बसत नाही, त्याला भरपूर आंबट आणि मीठ असतं. मधात लसूण ठेवायची जी टूम निघालीय, तिच्यापासूनही दूरच राहा, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधाचं बोटही नको.

आता मिठाचं. ज्या गावाच्या नावातच लवण आहे, त्या गावच्या बाईला मीठ कमी करा म्हणणं अवघडच! अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलंय, की लोणारला साबणासाठी आणि काचेसाठी लागणारा माल मिळतो. तुमच्याकडच्या जुन्या माणसांना सरोवराच्या काठचा खार अजून आठवत असेल. पण रक्तदाबाच्या माणसाला दिवसाचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक चमचा. वर सांगितलेल्या बरणीतल्या एका मोठ्या पाकळीत मीठ ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतं. एक-दोन पाकळ्यांनी आभाळ कोसळत नाही. वरचं पाणी मात्र पिऊ नये. सासूबाई ‘औषधी’ म्हणून दोन चमचे पीत असतील तर आजपासून बंद. आणि लसणावर लक्ष ठेवता ठेवता ताटातलं लोणचं-पापड विसरू नका. पापडात मीठ असतं आणि शिवाय खार असतो. खार जिभेला खारट लागत नाही, पण त्यातही सोडियमच असतं. उन्हाळ्याच्या वाळवणात सासूबाईंपुरते पापड-कुरडया कमी मिठाच्या वेगळ्या घाला. वेगळ्या डब्यावर नाव लिहिलंत की त्यांना मानही वाटतो.

चार पाकळ्या अनशापोटी नकोत. जेवणाबरोबर एक-दोन पुरे. छातीत जळजळ होत असेल तर त्याही नकोत. ज्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन, त्यांनी लसणाचे अर्क-गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण लसूणही रक्त गोठणं थोडं लांबवतो. मोतीबिंदू असो, दात काढणं असो, कुठल्याही शस्त्रक्रियेच्या आधी ‘मी लसणाचं अमुक घेते’ हे सांगायचंच. भाजीतल्या लसणाची काळजी नको. आणि ठेचलेला कच्चा लसूण गुडघ्यावर बांधून ठेवू नका, कातडी भाजल्यासारखी होते.

राहिलं सासूबाईंशी बोलणं. बाई, ‘लसूण थोतांड आहे’ असं म्हणू नका. ते खरंही नाही, आणि लेकीनं प्रेमानं आणलेली बरणी आहे ती. बरणी राहू द्या. म्हणा, ‘आई, लसूण पण चालू, गोळी पण चालू, आणि आपण दोघी आकडे लिहू.’ ऑस्ट्रेलियातल्या त्या माणसांनीही डॉक्टरांच्या गोळ्या सोडून लसूण घेतला नव्हता, हे त्यांना सांगा. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तीन रकाने आखा: तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा. आठवड्यातून एकदा दवाखान्यात, नाहीतर आशाताईंना विचारून उपकेंद्रात, मोजून घ्या. पाच मिनिटं शांत बसल्यावर, पाठ टेकून, हात टेबलावर ठेवून. चढ चढून गेल्या गेल्या नको, आणि चहा-तंबाखूनंतर अर्ध्या तासाच्या आत नको. दोन महिन्यांचा कागद डॉक्टरांपुढे ठेवा. लसणानं आकडा उतरला असेल तर तो तिथे दिसेल, आणि गोळी कमी करायची का ते डॉक्टर ठरवतील. घोटे सुजले तर त्याच कागदावर ‘पाय’ असं लिहून तारीख टाका.

आणि नणंदबाईंनाही एक पत्र टाका. बरणीत मीठ किती घातलं होतं, तेवढं त्यांना विचारून घ्या.